लठ्ठपणा ज्याचा त्याचा, तर पैसे सगळ्यांचे कशाला?

इंदुरातल्या आपल्या मराठी मंडळींत सध्या एक संदेश फिरतोय. लठ्ठपणा हा ज्याच्या त्याच्या जिभेचा दोष, वस्त्यावस्त्यांतले आहार-व्यायामाचे कार्यक्रम म्हणजे कराच्या पैशांची उधळपट्टी, ते कुठेच यशस्वी झाले नाहीत, हा खात्यापित्या घरांचा आजार, आणि आता वजन उतरवायची इंजेक्शनं आलीच आहेत.

दोष जिभेचा? रात्री सराफ्यातल्या खाऊच्या बाजारात गरम जलेबा समोर आला की भल्याभल्यांचा निग्रह विरघळतो, कबूल. पण सराफा काही काल उघडला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त वजनाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३.४ झालं. तीन वर्षांच्या पोराला त्याच्या जिभेबद्दल जाब विचारणार कोण? पोरं तीच आहेत. खेळायची जागा आटली आणि पाच-दहा रुपयांची पाकिटं हाताशी आली.

"कुठेच यशस्वी नाही" हे तर सरळ चूक. उत्तर फ्रान्समधल्या फ्लरबे आणि लावँती या दोन छोट्या गावांत १९९२ पासून शाळेत आहाराचे धडे सुरू झाले. पहिली काही वर्षं मुलांची वजनं वाढतच राहिली. मग नगरपालिका, डॉक्टर, दुकानदार, खेळाच्या संस्था सगळेच उतरले, आणि २००४ मध्ये तिथं जास्त वजनाची मुलं ८.८ टक्के होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.८ टक्के. अ‍ॅम्स्टरडॅममध्येही २०१२ ते २०१५ दरम्यान हे प्रमाण २१ वरून १८.५ टक्क्यांवर आलं. या काटेकोर चाचण्या नव्हत्या, सगळं श्रेय कार्यक्रमांनाच देता येणार नाही. पण नुसत्या उपदेशानं भागत नाही, एवढं त्या फ्रेंच गावांवरून दिसतं.

म्हणूनच संदेशातली एक चीड मला पटते. बॅनर, टी-शर्ट, सकाळची रॅली, फोटो आणि शेवटी पोहे-जिलेबी, असल्या 'जनजागृती'वर एक रुपयाही जाऊ नये.

खात्यापित्या घरांत प्रमाण जास्त आहे, खरंय. पण त्यांना जिम आणि आहारतज्ज्ञ परवडतात. बाकीच्यांचा मधुमेह शेवटी सरकारी दवाखान्यात पोचतो, आणि तिथलं बिल कोण भरतं? आपणच.

इंजेक्शनांचं थोडक्यात. मार्च २०२५ मध्ये मौनजारो हे त्यातलं एक इंजेक्शन भारतात आलं तेव्हा सगळ्यात छोट्या मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती, दर आठवड्याला एक. किमती उतरल्या तरी औषध थांबलं की बरंचसं वजन परत येतं.

आणि हे इंदूरकरांनी म्हणावं? कचराही ज्याचा त्याचाच होता. दारात गाडी आली, ओला-सुका वेगळा करायची सोय झाली, दंड लागला, तेव्हा सवय बदलली आणि २०१७ मध्ये स्वच्छतेत आपण देशात पहिले आलो. तो सगळा खर्च सार्वजनिकच होता.

वजनाच्या बाबतीतही नियम आहेत. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे. ती पाळली जाते का हे बघायला माणूस लागतो, त्याला पगार लागतो. संदेशातली 'उधळपट्टी' ती हीच.