अवघड जागेचं दुखणं

पुण्यात किती गतिरोधक आहेत, हे फिशर झालेल्या स्कूटरवाल्याला विचारावं. कर्वे रोडवर मी अर्धवट उभा राहून गाडी चालवत होतो, आणि मागचे लोक मला ओळखीचं कुणीतरी दिसलंय असं समजत होते.

म्हणीतल्या माणसाचा निदान जावई तरी डॉक्टर होता. माझी मुलगी अजून बारावीत आहे. तेव्हा फी भरून परका डॉक्टर गाठला.

"मूळव्याध नाही, फिशर आहे," ते म्हणाले. मूळव्याधीत शिरा फुगतात. यात गुदद्वाराच्या नाजूक अस्तराला चीर जाते, बहुधा कडक शौचामुळे. खरी गंमत पुढेच. दुखलं की आतला स्नायू आवळतो, तिथला रक्तपुरवठा घटतो आणि चीर भरतच नाही. दुखतं म्हणून माणूस जायचं टाळतो, की शौच आणखी कडक. हा स्नायू आपल्या हुकमात नसतो. घरात अशांची आणखी एक भर, एवढंच.

उपाय? भरपूर पाणी, पालेभाज्या, रात्री इसबगोल, आणि शौचानंतर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बैठक. टब घ्यायला तुळशीबागेत गेलो. दुकानदारानं कौतुकानं विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" "सहा," मी म्हणालो. त्यानं टबाबरोबर रबरी बदक दिलं. तुळशीबागेत फुकट काही मिळाल्याची ही एकमेव नोंद असावी.

मलम डिल्टियाझेमचं. नायट्रोग्लिसरीनचंही असतं, पण त्यानं बऱ्याच जणांचं डोकं दुखतं. एका वेळी एकच टोक दुखावं, असं माझं मत आहे. दोन्ही मूळची हृदयरोग्यांची औषधं; इथे ती स्नायू सैल करतात. सहा-आठ आठवड्यांत भागलं नाही, तर बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया.

मेडिकलमध्ये नेमके सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. चिठ्ठीत डोकावून म्हणाले, "डिल्टियाझेम? आमच्या बंधूंना होतं. हार्ट का?"

"हो," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. मी भिंतीला टेकून सुखात उभा होतो. सेक्रेटरींनी स्वतःची खुर्ची, लाकडी, बिनगादीची, माझ्यासमोर आणून ठेवली आणि सगळ्यांदेखत खांद्याला धरून मला दाबून बसवलं. "हार्ट पेशंटनं उभं राहायचं नाही! पार्किंगचा विषय संपेपर्यंत हलायचं नाही, काय?"