उत्पत्तीचे सहा दिवस किती तासांचे होते?

बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देवाने सहा दिवसांत जग घडवल्याचं लिहिलंय, आणि त्यावर चर्चा सुरू झाली की ती लगेच दिवसाच्या तासांवर येते. कोणी म्हणतं, चोवीस तास म्हणजे चोवीस तासच, ज्याला हे पटत नाही त्याचा पवित्र शास्त्रावर विश्वास नाही. कोणी म्हणतं, देवाला एक दिवस हजार वर्षांसारखा, मग विज्ञानाशी भांडण उरतंच कुठे? मला दोन्ही पटत नाही. मजकुरातले दिवस साधे, संध्याकाळ-सकाळचेच आहेत. पण तो सगळा आठवडा म्हणजे देवाच्या कामाचं माणसाला कळेल अशा मापात काढलेलं चित्र आहे. त्यावरून पृथ्वीचं वय काढता येत नाही आणि ते काढावं असं मजकुराचं म्हणणंही नाही.

आधी हजार वर्षांचं बघू, कारण तेच सगळ्यात जास्त ऐकू येतं. हे वाक्य नव्या करारातल्या २ पेत्र या पत्रातल्या ३:८ (अध्याय ३, वचन ८) मधलं. तिथे विषय आहे प्रभू येशूच्या परत येण्याला लागणाऱ्या उशिराचा, आणि पुढच्याच वचनात देवाच्या सहनशीलतेबद्दल लिहिलंय. शिवाय तिथे उलटी बाजूही आहे: हजार वर्षं एका दिवसासारखी. ज्या ९०व्या स्तोत्रातून ही कल्पना आली, तिथे चौथ्या वचनात हजार वर्षं कालच्या दिवसासारखी आणि लगेच रात्रीच्या प्रहरासारखीही म्हटली आहेत. गणितच करायचं तर एकाच वचनात दोन वेगळी उत्तरं येतात. बरं, गुणाकार केला तरी सहा हजार वर्षंच हाती लागतात. १९५६ साली शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) पृथ्वीचं वय सुमारे ४.५५ अब्ज वर्षं काढलं आणि ते आजही जवळपास तेवढंच मानलं जातं. सहा दिवसांत वाटलं तर एकेका दिवसाला पंचाहत्तर कोटी वर्षं द्यावी लागतील. हजाराने काय होणार?

मग काही जण म्हणतात, हजार नको, एकेक दिवस म्हणजे एकेक युग धरा. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे भूगर्भशास्त्रज्ञ ह्यू मिलर यांनी हे मोठ्या तळमळीने मांडलं. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण हा मेळ बसत नाही. अडचण लांबीची नसून क्रमाची आहे. तिसऱ्या दिवशी फळझाडं, पाचव्या दिवशी जलचर आणि पक्षी, सहाव्या दिवशी जमिनीवरचे पशू. खडकांमधला क्रम वेगळा आहे: मासे सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीपासून, चार पायांचे प्राणी सुमारे सदतीस कोटी, पक्षी सुमारे पंधरा कोटी, आणि फुलं-फळं धरणाऱ्या वनस्पतींचे स्पष्ट जीवाश्म सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीपासून. म्हणजे फळझाडं सगळ्यात शेवटी आणि पक्षी पशूंच्या मागून. दिवस कितीही ताणला तरी क्रम बदलत नाही. सूर्य आधीच होता, चौथ्या दिवशी फक्त ढग हटून तो दिसू लागला, असंही सांगितलं जातं. पण उत्पत्ती १:१६-१७ नीट वाचा. देवाने ज्योती (सूर्य, चंद्र, तारे) केल्या आणि अंतराळात ठेवल्या, असं तिथे लिहिलंय. ढगांचा उल्लेखही नाही.

चोवीस तासांची बाजू याहून भक्कम आहे आणि तिला हलक्यात घेऊ नये. ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ हे पालुपद सहा वेळा येतं. बायबलच्या दुसऱ्या पुस्तकात, निर्गम २०:११ मध्ये, शब्बाथाचं (आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचं) कारणच हे दिलंय की परमेश्वराने सहा दिवसांत सगळं केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. ऐकणाऱ्या इस्राएली माणसाला आपला नेहमीचा आठवडाच डोळ्यांसमोर आला असणार. म्हणून शब्दकोशातून ‘दिवस’चे दुसरे अर्थ शोधून काही साधत नाही. दिवस इथे दिवसच आहे.

प्रश्न इतकाच, की हा आठवडा घड्याळाने मोजलेला आहे का? याचं उत्तर मजकूरच चार ठिकाणी देतो.

पहिलं ठिकाण चौथा दिवस. १:१४ प्रमाणे ज्योती कशासाठी? दिवस आणि रात्र वेगळी करायला, ऋतू, दिवस आणि वर्षं दाखवायला. म्हणजे दिवस मोजायचं साधन चौथ्या दिवशी आलं, पण त्याआधी तीन संध्याकाळी आणि तीन सकाळी होऊन गेल्या. लिहिणाऱ्याला हे दिसलं नसेल असं मानणं म्हणजे त्याला अडाणी ठरवणं. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने हाच प्रश्न विचारला होता.

दुसरं ठिकाण सातवा दिवस. त्याला संध्याकाळही नाही आणि सकाळही नाही. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ याचा चौथा अध्याय याच विसाव्याला धरून म्हणतो, की त्यात प्रवेश करायचं वचन अजून शिल्लक आहे. सातवा दिवस चोवीस तासांत संपला असता तर हा सगळा युक्तिवाद उभाच राहत नाही.

तिसऱ्याकडे लक्षच जात नाही. निर्गम ३१:१७ म्हणतं, सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला आणि तो ताजातवाना झाला. यशया ४०:२८ मात्र सांगतं की देव थकत नाही, भागत नाही. ताजंतवानं होणं हे माणसाच्या अनुभवावरून घेतलेलं बोलणं आहे, हे सगळेच मान्य करतात. मग त्याच वाक्यातले सहा दिवस तेवढे घड्याळाचे कसे? दिवसभर काम, संध्याकाळी थांबणं, सकाळी पुन्हा सुरुवात, शेवटी विसावा: हे कष्टकऱ्याच्या आठवड्याचं रूप आहे आणि देवाच्या कामाला ते दिलेलं आहे.

चौथं ठिकाण दुसरा अध्याय. सहाव्या दिवशी पशू झाले, माणूस झाला, आणि २:५ पासून बघितलं तर बाग लावली गेली, झाडं उगवली, आदामाने पशुपक्ष्यांना नावं दिली, मग त्याला गाढ झोप लागली आणि हव्वा घडली. झाडं ‘उगवली’ असं लिहिलंय आणि २:५ मध्ये आधी पाऊस नसल्याचं कारणही दिलंय. हे सगळं सूर्योदय ते सूर्यास्त बसवायला खूप ओढाताण करावी लागते.

एक कोरा कागद घेऊन मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे पहिला, दुसरा आणि तिसरा दिवस, उजवीकडे चौथा, पाचवा आणि सहावा. पहिल्यासमोर चौथा येतो: प्रकाश, आणि प्रकाश देणाऱ्या ज्योती. दुसऱ्यासमोर पाचवा: अंतराळ आणि पाणी, मग पक्षी आणि जलचर. तिसऱ्यासमोर सहावा: कोरडी भूमी आणि वनस्पती, मग पशू आणि माणूस, ज्यांना वनस्पतीच अन्न म्हणून मिळाल्या. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी दोन-दोन कामं आहेत, म्हणजे आठ कामं सहा दिवसांत मुद्दाम बसवली आहेत. आधी जागा तयार झाल्या, मग त्या भरल्या गेल्या. हे तीन-तीनचं जुळणं डोळ्यांसमोर आलं की चौथ्या दिवसाचा सूर्य अडत नाही. तो पहिल्या दिवसाचा जोडीदार म्हणून तिथे आहे.

बायबलमधल्या वंशावळींतली वर्षं मोजून काढलेल्या उत्पत्तीच्या सनांबद्दलही तितकंच सावध राहायला हवं. आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी १६५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्पत्तीची तारीख इ.स.पू. ४००४, २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी धरली. यहुदी कालगणना इ.स.पू. ३७६१ पासून आहे, बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्यातली) इ.स.पू. ५५०९ पासून. हा फरक मुख्यतः मूळ प्रतींतल्या आकड्यांमुळे पडतो. आदामापासून जलप्रलयापर्यंत इब्री प्रतीत १६५६ वर्षं येतात, शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या प्रतीत १३०७ आणि ग्रीक भाषांतरात २२४२. ग्रीक आकडे मांडून बघा: मथुशलहाच्या १६७व्या वर्षी लामेख, लामेखाच्या १८८व्या वर्षी नोहा, नोहाच्या ६००व्या वर्षी जलप्रलय. बेरीज ९५५. मथुशलह मात्र ९६९ वर्षं जगला, म्हणजे नोहाच्या तारवात (जहाजात) नसताना जलप्रलयानंतर चौदा वर्षं! ही गफलत ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताच्याही काळात माहीत होती. अशा आकड्यांवर तारीख-वार ठरवणं मला धाडसाचं वाटतं.

आणि कृपा करून ‘डार्विन येईपर्यंत सगळे चोवीस तासच मानत होते’ असं म्हणू नका. चौथ्या शतकातले बिशप बेसिल आणि पुढे धर्मसुधारक लूथर साधे दिवस मानत होते, हे खरं. पण ऑगस्टीनने डार्विनच्या जवळपास दीड हजार वर्षं आधी, सगळं एकाच क्षणी उत्पन्न झालं आणि दिवस समजावण्याच्या क्रमासाठी आहेत असं मांडलं. १९०९ साली कॅथलिक चर्चच्या पोपप्रणीत बायबल आयोगाने ‘दिवस’ हा शब्द साधा दिवस किंवा काही काळ अशा दोन्ही अर्थांनी घ्यायची मोकळीक दिली. १९२५ साली अमेरिकेतल्या टेनेसीत उत्क्रांती शिकवल्याबद्दल शिक्षकावर चाललेल्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतिवादाविरुद्ध उभ्या राहिलेल्या विल्यम ब्रायन यांनीच साक्षीत सांगितलं की हे दिवस चोवीस तासांचेच असायला हवेत असं नाही.

नायसियाच्या मतांगीकारात (चौथ्या शतकातल्या श्रद्धेच्या कबुलीत) आकाश आणि पृथ्वीचा उत्पन्नकर्ता देव याची कबुली आहे, दिवसांचा उल्लेख नाही. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टरच्या मतांगीकारात ‘सहा दिवसांच्या अवधीत’ असे शब्द आहेत, तरी तो मानणाऱ्या अमेरिकेतल्या एका प्रेस्बिटेरियन मंडळीने अभ्याससमिती नेमली आणि २००० साली तिच्या अहवालात एकाहून अधिक अर्थांना जागा ठेवली. म्हणून मंडळीत बाप्तिस्म्याच्या किंवा सेवेच्या वेळी कोणाला तासांवर अडवू नये, एवढी माझी पाळकांना विनंती आहे. आणि रविवारच्या शाळेत एखाद्या मुलाने विचारलं की सूर्य नव्हता तर पहिला दिवस कसा झाला, तर त्याला गप्प करू नका. हातात पेन्सिल द्या आणि तो दोन रकान्यांचा कागद त्याच्याकडूनच भरून घ्या.