एका पोराला घरी बसवून जंत जातात का?

काल संध्याकाळी कट्ट्यावर आवाज चढला तो ताईंच्या एका प्रश्नावरून. ताई बालवाडी चालवतात. सकाळी एका आईने त्यांना बाजूला घेऊन, जवळजवळ कानात सांगितलं की मुलाला जंत झालेत, रात्रभर बूड खाजवतो, धड झोपत नाही. बाकीच्या पालकांना कळवायचं का, आणि कळवायचं तर कोणत्या शब्दांत, एवढंच ताई विचारत होत्या.

"आधी त्या पोराला घरी बसवा," धाकटा म्हणाला. आमच्यातला तो सगळ्यांत लहान, आणि त्याचा साडेतीन वर्षांचा मुलगा त्याच बालवाडीत. "आणि कोणाचा मुलगा ते सांगा. माझ्या पोराला त्याच्या शेजारी नको."

"नाव मी सांगणार नाही," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी धाकट्याची बाजू घेतली. "तो काही चुकीचं बोलत नाहीये, ताई. घरात स्वच्छता नसली की हे होतं. आईबापांना समज द्या, पोराचं गोड खाणं बंद करायला सांगा."

मला गप्प बसवेना. गेल्या वर्षी माझ्या मुलीला हेच झालं होतं, चार वर्षांची होती तेव्हा. ती रात्री उठून रडायची. लघवीला जळजळ होते म्हणायची, म्हणून आम्ही लघवी तपासली, त्यात काही निघालं नाही. मग शी तपासली, तीही स्वच्छ. आम्ही निर्धास्त झालो आणि ती मात्र रडतच राहिली. शेवटी एका रात्री बायकोने टॉर्च लावून पाहिलं तेव्हा पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी वळवळताना दिसलं. घर आमचं स्वच्छच होतं, मास्तर. पण त्या दोन महिन्यांत आम्ही कोणालाही हे सांगितलं नाही, ते याच बोलण्याच्या भीतीने.

मास्तर काही बोलले नाहीत. लॅबवाला मात्र पुढे सरकून बसला. त्याची सगळी नोकरी तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली आहे.

"शीच्या तपासणीत हे बहुतेकदा सापडतच नाहीत," तो म्हणाला. "हा पिनवर्म. मादी आतड्यात अंडी घालत नाही, त्यामुळे शीत अंडी क्वचित येतात. मूल झोपलं की ती गुदद्वारातून बाहेर येते, आजूबाजूच्या कातडीवर दहा हजारांच्या वर अंडी घालते आणि मरते. खाज त्यानेच सुटते. मुलींच्या बाबतीत ती कधी कधी भलत्या वाटेने पुढच्या बाजूला जाते, मग तिथे लाली, स्राव, जळजळ. तुझ्या पोरीला तेच झालं असणार."

"मग तपासायचं कसं?" धाकट्याने विचारलं.

"चिकटपट्टीने. पारदर्शक हवी. सकाळी मूल उठल्याबरोबर, शी-अंघोळीच्या आधी, चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर दाबायची आणि काचपट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्यायची. एका सकाळी नाही सापडलं म्हणून सोडून द्यायचं नाही. लागोपाठ तीन सकाळी घेतलं तर दहातले नऊ जण सापडतात. धुऊन आणलंस तर आम्ही काय बघणार?" हे शेवटचं वाक्य त्याने इतक्या कळवळ्याने म्हटलं, की आयुष्यभर धुऊन आणलेली मुलंच त्याच्यापुढे आली असावीत.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले, "पण घरी बसवायला हरकत काय? एक जण बाजूला काढला की बाकीचे वाचतात."

मला वाटतं, वादाची खरी गाठ इथेच होती. लॅबवाल्याने ती सावकाश सोडवली. अंडी पोटात गेल्यापासून नवी मादी अंडी घालायला येईपर्यंत साधारण महिना जातो. म्हणजे आज ज्याला खाज सुटली आहे, त्याला लागण झाली महिन्यापूर्वी. त्याआधी ज्याच्याकडून आली, तो कदाचित आजही बालवाडीत शेजारीच बसलेला असेल, खाज नसलेला, हसत खेळत. कितीतरी मुलांना काहीच त्रास होत नाही. अंडी घातल्यावर चार ते सहा तासांत ती दुसऱ्याला लागण करायला तयार होतात. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, तिथून खेळण्यावर, चादरीवर, दाराच्या कडीवर. तिथे ती दोन-तीन आठवडे टिकू शकतात. दुसरं मूल तेच खेळणं हातात घेतं आणि अंगठा तोंडात घालतं. या वयात अंगठा चोखू नको म्हणून कोण ऐकतं?

"एका पोराला घरी बसवून तुम्ही फक्त त्याच्या आईला शिकवता, की पुढच्या वेळी सांगू नकोस," मी म्हणालो. माझा आवाज जरा जास्तच चढला होता. "आज ती बोलली म्हणून ताईंना कळलं. उद्या तिची गत बघून दुसरी कोणी तोंड उघडेल?"

"औषधाचा पहिला डोस झाला, सकाळची अंघोळ झाली, नखं कापली, की मूल बालवाडीत यायला हरकत नसते," लॅबवाल्याने जोड दिली.

धाकट्याचा सूर जरा उतरला. "आमच्याकडे मांजर आहे. तिच्यामुळे?"

"नाही. हा जंत माणसाचाच. मांजर-कुत्र्याचा काही संबंध नाही. गोडाचाही नाही, मास्तर. अंडं तोंडात गेल्याशिवाय जंत होत नाही, मग पोर काहीही खाओ."

मास्तरांनी आणखी एक मुद्दा काढला, आणि तो रास्त होता. शाळांमधून जंताची गोळी सगळ्यांना एकदम देतात, ती घेतलेल्या मुलांनाही हे कसं होतं? लॅबवाला म्हणाला की त्या मोहिमा मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी असतात. गोल जंत, चाबकासारखा जंत, आकडी जंत. त्यांना मातीत काही दिवस, काहींना काही आठवडे काढावे लागतात. याला मातीची गरजच नाही, बोटापासून तोंडापर्यंतचा रस्ता पुरतो. गोळीने पोटातले मोठे जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतोच. मधल्या काळात फुटलेल्या अंड्यांतले जंत तेव्हा मारायचे.

आमचं चुकलं ते इथेच. आम्ही फक्त मुलीला औषध दिलं, तेही एकदाच. तिला बरं वाटलं आणि आम्ही विसरून गेलो. दीड महिन्यात पुन्हा तेच रडणं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध दिलं, मला, बायकोला, माझ्या आईलाही, आणि पुन्हा चौदाव्या दिवशी. आई म्हणत होती, मला काही होत नाही, मला कशाला? तिला पटवायला दोन दिवस गेले. त्यानंतर मात्र मुलगी शांत झोपायला लागली.

"दोन वर्षांखालचं बाळ किंवा गर्भवती बाई घरात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हे लिहा," लॅबवाला ताईंना म्हणाला. ताईंनी एव्हाना वही काढली होती.

मग चिठ्ठीच सुरू झाली. नाव नाही, "आपल्या बालवाडीत एका मुलाला" असंही नाही. "लहान मुलांमध्ये हे सर्रास आढळतं" अशी सुरुवात धाकट्यानेच सुचवली. पुढे ताई लिहीत गेल्या : नखं बारीक कापा. शीनंतर आणि जेवायच्या आधी साबणाने हात. रोज सकाळी उठल्यावर अंघोळ, कारण रात्रीची अंडी तेव्हाच धुऊन जातात. चड्डी रोज बदला. चादरी झटकू नका, तशाच गुंडाळून गरम पाण्यात टाका. जंतुनाशकावर फार विसंबू नका, ही अंडी त्याला सहज दाद देत नाहीत. खेळणी साबणाने धुण्याचं काम ताईंनी स्वतःकडे घेतलं.

"'जंत' हा शब्द घालू की 'पोटाचा त्रास' म्हणू?" त्यांनी विचारलं.

"जंतच म्हणा," मी म्हणालो. "पोटाचा त्रास म्हटलंत तर कोणी टॉर्च लावून बघणार नाही."

मास्तर बराच वेळ गप्प होते. वही त्यांनी मागून घेतली, चष्मा चढवून सगळं वाचलं आणि परत देताना म्हणाले, "दुसऱ्या डोसची तारीखही घाला. सगळ्यांची एकच. नाहीतर लोक विसरतात."

ताईंनी बोटांवर चौदा दिवस मोजले आणि तारीख लिहिली.