जवळचा रस्ता म्हणजे लवकर डिलिव्हरी नव्हे

ट्रकचा रस्ता आखून देणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे किलोमीटर आणि डिझेल वाचतं, असं एका लेखात वाचलं आणि ते पटलं. पण आमच्या नाशिक-भिवंडी लाइनवर खरा वेळ गोदामाच्या दारात जातो. गाडी पहाटे पोचते, खाली व्हायला दुपार होते. मग पुढचा माल शहरातल्या नो-एन्ट्रीत अडकतो आणि इकडे ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत पळत असते. २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एकच दिवस मिळतो, आधी १०० ला मिळायचा. खाली होण्याचा वेळ, कसारा घाट आणि ड्रायव्हरची झोप ज्या प्लॅनमध्ये धरलेली नाही, तो कागदावरच राहतो. सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी प्रत्येक ग्राहकाकडे गाडी किती वेळ थांबते, ते ड्रायव्हरांना विचारून आधी सिस्टीममध्ये भरावं. ही माहिती त्यांच्याइतकी कुणाकडेच नसते.