कार कारखाने ‘कालबाह्य’ ठरवणाऱ्या संदेशाला उत्तर

एक लांबलचक संदेश सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं: भारत आता सेवाक्षेत्रावर चालतो, कार बनवणं हा गेल्या शतकातला धंदा. जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली. ऑस्ट्रेलियाने कारखाने बंद केले, त्यांचं काय अडलं? गाड्या बाहेरून आणा, पोरांना कोडिंग शिकवा. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीतल्या वाहन कारखान्यांच्या जिवावर घर चालणाऱ्यांनीही तो पुढे पाठवलेला पाहिला, तेव्हा राहवलं नाही.

अर्थव्यवस्थेत सेवाक्षेत्राचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, हे खरं. पण जर्मनी आणि जपानमध्ये तो आपल्याहून मोठा आहे, सत्तर टक्क्यांच्या आसपास. तरी जर्मनीत 2023 मध्ये चाळीस लाखांहून जास्त कार तयार झाल्या. आणि कोडिंगचंच बोलायचं तर पुण्यातल्या हिंजवडीची केपीआयटी ही कंपनी गाड्यांचंच सॉफ्टवेअर लिहिते. तिची मोठी गिऱ्हाइकं परदेशी आहेत, मान्य. पण असं काम पुण्यात वाढलं, कारण इथे गाडी उघडून शिकलेले इंजिनिअर होते, टेल्को (आजची टाटा मोटर्स) होती, 1966 पासून एआरएआय ही वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था होती. कारखाना उठला की पुढच्या पिढीचे असे इंजिनिअर कुठे तयार होणार?

जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या, कारण त्यांच्या गाड्या इथे पुरेशा खपल्या नाहीत. कारखान्यांचं पुढे काय झालं, ते संदेशात नाही. फोर्डचा साणंदचा कारखाना टाटांनी घेतला. जनरल मोटर्सचा तळेगावचा ह्युंदाईने घेतला आणि 2025 मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. मधली काही वर्षं तळेगावच्या कामगारांनी फार सोसलं, ते विसरू नये. पण भारतात कार बनवणं परवडत नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.

ऑस्ट्रेलियाची तुलना तर टिकतच नाही. फोर्डने तिथे 2016 मध्ये, टोयोटा आणि होल्डनने (जनरल मोटर्सची तिथली कंपनी) 2017 मध्ये उत्पादन थांबवलं. वर्षाला जेमतेम अकरा-बारा लाख गाड्यांची बाजारपेठ, तीही डझनावारी ब्रँडांत वाटलेली. आपल्याकडे 2024-25 मध्ये देशातच 43 लाख प्रवासी वाहनं विकली गेली आणि साडेसात लाखांवर निर्यात झाली. शिवाय लोहखनिज, कोळसा आणि गॅस विकून ऑस्ट्रेलिया आयातीचे पैसे भागवतो. आपण पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आधीच बाहेरून घेतो. त्यात गाड्यांचं बिल कशातून भरायचं?

‘सगळं रोबोटच करतात, रोजगार उरलाच कुठे?’ हा संदेशातला मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. वेल्डिंग शॉपमध्ये रोबोट आहेत, बरोबर. पण गाडीतले बहुतेक सुटे भाग कार कंपनी बनवतच नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बघा. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं), एक जुना लेथ, यंत्र जुळवून देणारा आयटीआय झालेला सेटर. बुश नावाच्या नळीसारख्या भागाचं बोअर, म्हणजे आतलं भोक, वीस मायक्रॉनच्या (मिलिमीटरचे हजारावे भाग) आत बसवायचं, माप बरोबर की चूक हे सांगणारं गो-नोगो गेज घालून तपासायचं. लॉट रिजेक्ट झाला तर पुढे कार कंपनीची लाइन थांबते, म्हणून रात्री अकराला टेम्पो दारात उभा करून सॉर्टिंग चालतं. ही शिस्त पुस्तकातून येत नाही आणि एकदा गेली की विकतही मिळत नाही. हाच सेटर पुढे पंपाचे, संरक्षणाचे, वैद्यकीय उपकरणांचे भाग बनवतो. तक्रार करायचीच तर कंत्राटी पद्धतीची करा: शेजारी उभं राहून तेच काम करणाऱ्याला कायम कामगाराच्या तुलनेत कितीतरी कमी पगार मिळतो. तिथे मी तुमच्याबरोबर आहे.

शेवटचा मुद्दा, इलेक्ट्रिक गाडीत पार्ट कमी आणि माल चीनचाच, मग इथे जुळवायची कशाला? पिस्टन आणि सायलेन्सर बनवणाऱ्या छोट्या व्हेंडरांवर खरंच संकट आहे, त्यांना नवीन कामाकडे वळायला भांडवल लागेल. पण चीनवर विसंबण्याचा फटका 2025 मध्ये बसला. एप्रिलमध्ये त्यांनी दुर्मिळ मृदा मॅग्नेटच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि गाडीतल्या विजेच्या मोटरसाठी लागणारी ही छोटीशी वस्तू मिळवताना आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली. त्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने मॅग्नेट देशातच बनवण्यासाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. ते मॅग्नेट घेणारे कारखाने इथे नसतील, तर ती योजना चालवायची कोणासाठी?