शाळेसाठी कॉम्प्युटर घेताय? मग काहीही विचारू नका

परवाच मुंबईतल्या एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबसाठी आलेली तीन दरपत्रकं वाचावी लागली. तिन्हींवर हसरी मुलं होती आणि तिन्हींमध्ये 'भविष्य' हा शब्द होता. अपडेट कधीपर्यंत मिळणार, ते एकातही नव्हतं. तरीही समितीचं एकमत झालं. तेव्हा समित्यांनो, तुमच्या सोयीसाठी थोडं मार्गदर्शन.

डेमो प्रतिनिधीच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच हॉटस्पॉटवर बघा. शाळेचं वायफाय मध्ये आणू नका.

रॅम चार जीबी आणि स्टोरेज ३२ जीबी भरपूर झालं. विंडोज ११ स्वतःच किमान ६४ जीबी मागतं, पण 'मुलांना काय लागतं?' हे वाक्य त्याहून मोठं आहे. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर सोन्याहून पिवळं. पुढे लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आणून वाढवायचा मोहच नको.

वायरिंगवर खर्च करू नका. मॉनिटरसकट एका डेस्कटॉपला १५० वॅट धरले, तर वीस मशीनचे ३००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर होतात. भिंतीत ६ अँपिअरचा एक सॉकेट आहे ना? त्याला एक्स्टेन्शन बोर्ड लावा, त्या बोर्डाला दुसरा. अर्थिंगचा विषय काढणाऱ्या वायरमनला चहा देऊन परत पाठवा. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, तिच्यासाठी बजेटमध्ये रकाना ठेवायचा नाही.

शाळा पावसात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हिंदमाताच्या आसपास असेल तर लॅब तळमजल्यावर, आणि सीपीयू जमिनीवर.

अ‍ॅडमिन पासवर्ड कंपनीच्या इंजिनिअरकडेच राहू द्या. तो नोकरी सोडून गेला की मराठी कीबोर्ड चालू करायचं दोन मिनिटांचं कामही कायमचं टळतं.

आता सर्वांत महत्त्वाचं: अपडेटची मुदत विचारू नका. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघता ती घरी, इथे लाखोंचं बिल आहे. क्रोमबुकची, म्हणजे गुगलच्या सिस्टिमवर चालणाऱ्या लॅपटॉपची, मुदत तुमच्या खरेदीच्या दिवसापासून मोजत नाहीत. ते मॉडेल ज्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे आतल्या मूळ हार्डवेअरवर बांधलंय, तो बाजारात आला तेव्हापासून मोजतात. गुगलने २०२३ मध्ये ती दहा वर्षांवर नेली हे खरं, पण सहा वर्षं जुन्या प्लॅटफॉर्मचा गोडाऊनमधला माल 'स्कूल ऑफर' म्हणून उचललात, तर हातात चारच उरतात. मायक्रोसॉफ्टने खास शाळांसाठी म्हणून विंडोज ११ एसई २०२१ मध्ये आणलं आणि त्याच्या सपोर्टची शेवटची तारीख ठेवली ऑक्टोबर २०२६. खास शाळांसाठी, बरं का! पाचवीतल्या मुलाची दहावी होईपर्यंतसुद्धा नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी रिफर्बिश्ड, म्हणजे जुना ठाकठीक करून विकलेला 'आय-फाइव्ह' स्वस्तात मिळाला म्हणून पेढे वाटणारे आहेतच. अहो, कितव्या पिढीचा आय-फाइव्ह? आठव्या पिढीच्या आधीच्या जवळजवळ कुठल्याही इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. हे मायक्रोसॉफ्टच्या साइटवर उघड लिहिलेलं आहे. समितीत सात माणसं, सातही जणांच्या हातात मोबाइल, आणि एकालाही मॉडेल नंबर टाकून बघावंसं वाटू नये?

कंपन्यांची ही चढाओढ मुलांसाठी आहे, अशी समजूत असेल तर जरा मागे बघा. २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैरातला 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' योजनेची हिरवी-पांढरी मशीन आली होती. त्याच वर्षी इंटेल त्या योजनेत सामील झाली आणि जानेवारी २००८ मध्ये बाहेर पडली, कारण शाळांसाठीचा स्वतःचा क्लासमेट लॅपटॉप सोडायला ती तयार नव्हती. ज्या सिस्टिमवर मुलाचा हात बसतो, तीच ते मोठेपणी विकत घेतं. हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तो त्यांचा धंदा आहे.

पण तुमचा तो धंदा नाही ना? मग टेंडरमध्ये चार ओळी लिहायला हात का दुखतो? अपडेटची शेवटची तारीख, रॅम वाढवता येते की नाही, बॅटरीची वेगळी वॉरंटी, पासवर्ड शाळेच्या ताब्यात. हे न लिहिता सही ठोकायची, रिबीन कापायची आणि तिसऱ्या वर्षी 'कंपनीने फसवलं' म्हणून गळा काढायचा. लॅबला कुलूप असतानाही पालकांकडून दर टर्मला कॉम्प्युटर फी घेताय, ती आधी बंद करा.