‘उडत्या शवपेट्या’वाला मेसेज आणि सियाचीनला अपाचे पाठवायचा सल्ला

परवा रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला, आवाज पार रडवेला. तिचा मुलगा नाशिकला आर्मी एव्हिएशनच्या स्कूलमध्ये हेलिकॉप्टर पायलटचं ट्रेनिंग घेतोय, आणि तिच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी तो मेसेज टाकला, ‘उडत्या शवपेट्या, आपल्या मुलांना यात बसू देऊ नका’. तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की आपल्या सैन्याची चीता आणि चेतक ही हलकी हेलिकॉप्टरं साठ वर्षं जुनी आहेत, एकच इंजिन असल्यामुळे ते बंद पडलं की दगडासारखी खाली येतात, नवी मशीन असती तर एकही अपघात झाला नसता, म्हणून उद्यापासून सगळी जमिनीवर उभी करा आणि सियाचीनला अपाचे पाठवा, परदेशातून वर्षभरात नवी मिळतात, आणि तोवर ड्रोन आहेतच. शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे मशीनच्या सांगाड्याची देखभाल करणारा. चेतकच्या पोटाखाली आडवं पडून बरीच वर्षं काढलीत, म्हणून हे वाचून डोकं फिरलं. ताईला फोनवर सांगितलं ते सगळं इथे लिहितोय.

आधी अपाचेचं घेतो, कारण सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. अपाचे हे हल्ला करणारं हेलिकॉप्टर. त्यात दोनच माणसं बसतात, एकामागे एक, आणि दोघंही ते चालवायला आणि लढायला लागतात. मागे केबिन नाही, स्ट्रेचर ठेवायला जागा नाही. सियाचीनवर हेलिकॉप्टर कशासाठी जातं? रॉकेलचे जेरीकॅन, औषधं, टपाल वर न्यायला आणि फुप्फुसात पाणी भरलेल्या किंवा बोटं काळी पडलेल्या जवानाला खाली आणायला. त्या जवानाला अपाचेत कुठे झोपवणार?

आणि मुळात ते तिथे उतरणारच नाही. 20,000 फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी असते. पंखा हवा खाली ढकलतो म्हणून मशीन वर राहतं, हवाच निम्मी झाली की पंख्याची पकड गेली, वर इंजिनलाही दम लागतो. अशा ठिकाणी हलकं मशीनच चालतं. रिकाम्या चीताचं वजन साधारण 1,000 किलो, रिकाम्या अपाचेचं 5,000 च्या वर. चीता म्हणजे फ्रेंचांचं लामा हेलिकॉप्टर, आणि ते 1960 च्या दशकाच्या शेवटी आपल्याच सैन्याच्या हिमालयातल्या गरजेसाठी बनवलं गेलं. शेपटीवर पत्रासुद्धा चढवलेला नाही, नुसता सांगाडा आहे. मार्च 1969 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि त्याच वर्षी हिमालयात 7,500 मीटरवर उतरून परत उडून दाखवलं. तरीही सगळ्यात वरच्या पोस्टवर जाताना ते जेमतेम एखाद-दुसरा कॅन उचलतं, एवढी तिथली हवा विरळ आहे. हो, 2020 मध्ये लडाखला अपाचे उडाली होती, ते खरंय, पण ते खालच्या खोऱ्यांमध्ये शत्रूच्या रणगाड्यांवर नजर ठेवायला. बर्फात दगड रचून केलेल्या टीचभर हेलिपॅडवर उतरणं वेगळं. आर्मीची स्वतःची अपाचे तर जोधपूरला ठेवली आहेत, वाळवंटात.

म्हणजे उद्या सगळी चीता उभी केली तर काय होईल? वरच्या पोस्टवर रात्री एखाद्या पोराचा श्वास कोंडला की त्याला दोरांवरून, भेगांमधून, खांद्यावर खाली आणायचं, आणि तो आजार तेवढा वेळ देत नाही. ध्रुव हे आपलं देशी हेलिकॉप्टर बऱ्याच पोस्टवर जातं, पण सगळ्यात वरच्या ठिकाणांसाठी भरवसा वर्षानुवर्षं चीतावरच राहिलाय. आईच्या काळजीच्या नावाखाली लिहिलेला मेसेज दुसऱ्या आयांच्या मुलांना वर अडकवून ठेवायला सांगतोय, आणि लिहिणाऱ्याला हे कळत नाहीये याचाच मला जास्त राग आहे.

आता एकच इंजिन. इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. पायलट पंख्याचा कोन लगेच कमी करतो, खालून येणारी हवा पंखा फिरता ठेवते आणि मशीन उतरवता येतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात, पायलटला हे ट्रेनिंगमध्येच घोटून घोटून शिकवतात. 21 जून 1972 ला ज्याँ बुले या फ्रेंच पायलटने याच लामाने 12,442 मीटर उंची गाठली, तिथे इंजिन विझलं, आणि तो तसाच इंजिनाशिवाय जमिनीपर्यंत उतरला. आणि चीता-चेतकच्या जागी जे नवं येणार आहे ना, एचएएल या सरकारी विमान कंपनीचं लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर, त्यालाही इंजिन एकच आहे. इथे एक मान्य करतो, डोंगरात इंजिन गेलं तर उतरायला सपाट जागा मिळेलच असं नाही, खाली दरी असेल तर ऑटोरोटेशन येऊनही उपयोग नाही. दोन इंजिनांचा फायदा आहेच. पण ‘एक इंजिन म्हणजे मरण’ हे खोटं आहे.

साठ वर्षं जुनी. अर्धं खरं. डिझाइन तेवढं जुनं आहे, चेतकचं लायसन्स आपण फ्रेंचांकडून 1962 मध्ये घेतलं. पण बंगळुरूला ही मशीन पुढे कित्येक वर्षं बनत राहिली, आणि हेलिकॉप्टरचे ब्लेड, गिअरबॉक्स, रोटर हेड या सगळ्यांना तासांची लाइफ असते, तास भरले की पार्ट निघतो, कितीही चांगला दिसत असला तरी. पण खरं दुखणं मला सांगायलाच हवं. कॉकपिट जुन्या काट्यांच्या घड्याळांचं आहे, ढगात अचानक शिरलात तर मदतीला ऑटोपायलट नाही, आणि फ्रान्समधली मूळ लाइन कधीच बंद झालीय त्यामुळे स्पेअर मिळवताना जीव जातो. ही मशीन बदलायलाच हवीत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बदलायला हवी होती.

नवी असती तर अपघात नसते, हे वाचून तर मला कुन्नूर आठवलं. 8 डिसेंबर 2021 ला तेव्हाचे संरक्षण दल प्रमुख जनरल बिपीन रावत यांचं हेलिकॉप्टर तिथे पडलं ते रशियन बनावटीचं एमआय-17 व्ही-5 होतं, दोन इंजिनांचं, तुलनेने नवं. तिन्ही दलांच्या चौकशीत बिघाड सापडला नाही, हवामान अचानक बदललं, मशीन ढगात शिरलं आणि पायलटचं दिशाभान गेलं असं निघालं. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव पडलं तेव्हा देशभरातली ध्रुव उभी करावी लागली, आणि ते तर आपलंच आधुनिक हेलिकॉप्टर.

परदेशातून वर्षभरात मिळतात म्हणणाऱ्याने तारखा बघाव्यात. 197 हलक्या हेलिकॉप्टरांची खरेदी 2007 मध्ये अगदी शेवटच्या टप्प्यावर रद्द झाली. परत टेंडर काढलं, ते ऑगस्ट 2014 मध्ये रद्द. मग 2015 मध्ये रशियाबरोबर कामोव्ह 226 चा करार, 200 मशीन, त्यातलं एकही आलं नाही. आर्मीने फक्त सहा अपाचेंचा करार फेब्रुवारी 2020 मध्ये केला, पहिली तीन जुलै 2025 मध्ये दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरली. सहा मशीनना पाच वर्षांच्या वर.

यावर काही जण म्हणतात, मग जुन्यातच नवी इलेक्ट्रॉनिक्स बसवा. ज्याला खरंच राग धरायचाय त्याने सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत मांडलेला कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापालांचा, अहवाल वाचावा. हवाई दलाने एमआय-17 च्या अपग्रेडचा प्रस्ताव 2002 मध्ये दिला, 90 हेलिकॉप्टरांचा करार व्हायला जानेवारी 2017 उजाडलं, पंधरा वर्षं, आणि कॅगनेच लिहिलंय की 2024 पर्यंत काम संपेल तेव्हा त्यातल्या 56 हेलिकॉप्टरांची उरलेली लाइफ दोन वर्षांपेक्षाही कमी असेल. मंत्रालयाचं नियोजन नीट नाही आणि निर्णय होत नाहीत, असं सरळ म्हटलंय. शवपेटी वगैरे शब्द न वापरता त्या अहवालाने जे दाखवलंय ते या मेसेजपेक्षा कितीतरी भयंकर आहे, कारण ते खरं आहे.

एचएएलला काहीच जमत नाही हेही मेसेजखालच्या कमेंटमध्ये होतं. एचएएलचं प्रचंड हे हल्ला करणारं हेलिकॉप्टर कारगिल युद्धाच्या अनुभवातून आलं, 5,000 मीटरवर उतरतं, आणि मार्च 2025 मध्ये 156 प्रचंडचा 62,700 कोटींचा करार झालाय. लाइट युटिलिटीवाल्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. पहिलं उड्डाण सप्टेंबर 2016, लेह-सियाचीनच्या चाचण्या 2019, पहिल्या 12 ची मंजुरी 2021, तुमकूरचा कारखाना 2023. प्रत्येक पायरीला दोन-तीन वर्षं.

ड्रोनचं एका वाक्यात, सामान वर न्यायला ते उपयोगाचे आहेत आणि आर्मी घेतेयही, पण बेशुद्ध जवानाला खाली आणायला आज हेलिकॉप्टरच लागतं.

ताईने शेवटी विचारलं, मुलाला परत बोलावू का? म्हटलं, अजिबात नको, रोज फोन करून हा मेसेज त्याच्या कानावर घालू नकोस एवढंच कर. आणि विचारायचंच असेल तर तुझ्या खासदाराला विचार, लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर स्क्वाड्रनमध्ये कधी येणार, तारीख सांगा. तिने मेसेज डिलीट केला, पण तोवर तिनेच तो आणखी दोन ग्रुपवर पाठवलेला होता. तिथे टाकायला तिला हे लिहून दिलंय.